रिकामी म्हणून वजा केलेली जागा

फोनवर तिचंच नाव आलं होतं, म्हणून मी उचलताक्षणी खेकसले. फर्स्ट इयरचं प्रॅक्टिकल चालू होतं, दोन टेबलांवर भांडणं लागलेली, एकीनं तारेची जाडी मोजायच्या स्क्रूगेजचा स्क्रू गच्च पिळून ठेवलेला, आणि वैशालीला नेमकं अशाच वेळी काहीतरी आठवायचं. "काय वं बाई, क्लास घेऊन राहिली ना मी," असं म्हणाले. पलीकडून तिच्या बाबांचा आवाज आला, सरळ आणि कोरडा. "शुभा, वैशाली गेली. सकाळी दहा पंचवीसला." काका आयुष्यभर स्टेशन मास्तर होते, वेळ सांगितल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नाही. मी "हो काका" म्हणाले, फोन ठेवला, आणि त्या मुलीला स्क्रू किती पिळायचा ते दाखवत उभी राहिले... किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. हॉस्पिटलात आहे, हे माहीत होतं. वेळ जवळ आली आहे, हेही माहीत होतं. तरी माझ्या तोंडून तिच्या नावाला गेलेला शेवटचा शब्द हा असा खेकसण्याचा होता.

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. पुरवणीत असे लेख येतात तेव्हा मी ते वाचते. गेलेला माणूस त्यात नेहमी हसतमुख असतो, सगळ्यांना हवाहवासा असतो. वैशाली हसतमुख नव्हती. तिला फार राग यायचा, मलाही येतो, आणि इतकी वर्षं आम्ही दोघींनी तो एकमेकींवर मनसोक्त काढला. तिच्याबद्दल गोड गोड लिहायला मी बसलेली नाही. ती गेल्यावर विहारात झालेल्या तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, भरलेल्या हॉलसमोर, मी तिच्याबद्दल एक गोष्ट सांगितली होती. लोकांनी माना डोलावल्या होत्या. ती गोष्ट चुकीची होती. मी मुद्दाम खोटं बोलले नव्हते, मला ते खरंच वाटत होतं, पण त्यानं काय फरक पडतो... जे त्या दिवशी तिथे होते त्यांनी, आणि जे नव्हते त्यांनीही, हे वाचावं एवढीच विनंती आहे.

वैशाली आणि मी बी.एस्सी.ला एका बाकावर आलो. मी रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातली, आमच्याकडे घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. ती छोट्या छोट्या स्टेशनांवर वाढलेली. तिचे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेत गँगमन म्हणून आले, बाबा मास्तर झाले, आणि बदली होईल तिथल्या क्वार्टरमध्ये ही पोट्टी शिकली. तिची वऱ्हाडी बोली मला इतकी लागली की आई विचारायची, आज घरात कोण पाहुणी बोलते आहे? पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा माझ्या आत्यानं चहा द्यायच्या आधी तिचं आडनाव विचारलं. हिनं आधी बोर्डातले फिजिक्सचे मार्क सांगितले, मग आडनाव सांगितलं, आणि मग "चहात साखर कमी टाका" म्हणाली. आत्या महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. मला मात्र ही पोट्टी त्या दिवसापासून आवडली.

एम.एस्सी.नंतर मी इथेच कॉलेजात चिकटले. ती बाहेर गेली, पीएच.डी. केली, परदेशात राहिली, आणि आई गेल्यावर बाबा एकटे पडले म्हणून परत आली. सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं, मी सगळ्यांत जास्त. "इथं कोनाले काय समजते? इथं येऊन काय करशील वं तू?" मी विचारलं. "इंटरनेट आहे ना," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. क्ष-किरण आपल्या हवेतून खाली उतरत नाहीत, म्हणून त्यांच्या दुर्बिणी अंतराळात फिरतात, आणि त्यांनी टिपलेलं काही काळानंतर जगातल्या कुणालाही मोकळं होतं. शंकर नगरातल्या बापलेकीच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत, कूलर लावून, भर दुपारी ती आकाश पाहायची. लोकांना हे काही झेपायचं नाही. माझ्या कॉलेजातल्या एका क्लार्कनं एकदा आपल्या आईच्या छातीची फिल्म आणली. "मैडम, आप तो एक्स-रे में पीएचडी हैं, जरा देख दीजिए." वैशालीनं ती खिडकीशी धरून नीट पाहिली आणि म्हणाली, "भैया, फोटो अच्छा आया है. अब डॉक्टर को दिखा दीजिए." तो हव हव करत समाधानानं गेला.

तिचा विषय सांगायला सोपा आहे, करायला जीवघेणा. आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिका पुष्कळदा घोळक्यानं राहतात. अशा शेकडो दीर्घिकांच्या मोठ्या घोळक्याला समूह म्हणतात. समूहाच्या आत, दीर्घिकांच्या मधल्या जागेत, कोट्यवधी अंशांनी तापलेला वायू भरलेला असतो आणि तो क्ष-किरणांत चमकतो. इथपर्यंत कुणाचा वाद नाही. पण दोन समूहांच्या मधे काय आहे? गणित सांगतं की तिथेही तापलेला वायू असला पाहिजे, एका समूहाकडून दुसऱ्याकडे पसरलेला, इतका विरळ की लोखंडी कपाटाएवढ्या जागेत त्याचे मोजकेच कण. वैशालीनं अशी एक जोडी धरली होती. यादीत त्या समूहांची नावं म्हणजे नुसते आकडे. ती त्यांना मांढर आणि सिलयारी म्हणायची. रायपूरहून बिलासपूरकडे जाताना ही स्टेशनं लागतात, दोन्हीकडे काकांनी नोकरी केलेली. मांढर अन् सिलयारीच्या मधात काय आहे, हा तिच्या शेवटच्या सात वर्षांचा प्रश्न होता. तिचं म्हणणं, वायू आहे. माझं म्हणणं, काही नाही.

अडचण अशी की हा उजेड फार मंद असतो आणि बाकीचा उजेड त्याला गिळून टाकतो. आपल्याच आकाशगंगेतला वायू चमकतो, दूरदूरचे ठिपके चमकतात, दुर्बिणीच्या कॅमेऱ्यावर भटके कण आदळतात. म्हणून त्याच चित्रातली एक रिकामी जागा निवडायची, तिथला उजेड मोजायचा, आणि तेवढा सगळीकडून वजा करायचा. गिरणीवर दळण टाकण्याआधी रिकाम्या डब्याचं वजन करून घेतात, तसंच हे. वजा करून काही उरलं तर ते तुमचं. नाही उरलं तर घरी जायचं. ती रिकामी जागा निवडण्याचं काम माझं होतं. वैशाली म्हणायची, रिकामी जागा शोधायला रिकामं डोकं लागतं, ते तुझ्याकडे आहे.

काकांकडून तिनं एक शिस्त उचलली होती. छोट्या स्टेशनावरचा मास्तर गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनला विचारतो, मधली लाइन मोकळी आहे का. तिकडचा मास्तर खात्री करून सांगतो, आणि त्याच्या शब्दावर इकडून गाडी सुटते. कितीही घाई असो, लाइन मोकळी आहे हे एकट्यानं ठरवायचं नाही. वैशालीनं हेच आमच्या कामात आणलं. चित्राचे ती सारख्या मापाचे तुकडे कापायची, त्यांना उलटसुलट अक्षरं द्यायची, आणि कुठलं अक्षर कुठल्या जागेचं हे लिहून तो लिफाफा काकांकडे ठेवायची. मला नुसते तुकडे मिळायचे. मी ते मोजायचे, वहीत लिहून सही करायचे, आणि मगच काका लिफाफा उघडायचे. ती स्वतः मोजत नसे, कारण तिला वायू हवा होता. "तू माह्या विरुद्ध आहेस म्हणूनच तुले ठेवलं," ती म्हणायची. "माह्या बाजूचे लोक काय कामाचे?"

आणि मी विरुद्ध होतेच. आधीच्या चित्रांत कधी थोडं उरायचं, कधी नाही. ती उरलेलं धरून बसायची, मी न उरलेलं. एकदा भांडणात मी तिला म्हणाले, "वैशाली, तुले तिथं वायू नाही दिसून राहिला, तुले तुही इतकी वर्षं दिसून राहिली." ती पंधरा दिवस बोलली नाही. आज त्या वाक्याकडे पाहिलं की मला माझीच लाज वाटते, कारण त्यात विज्ञान कमी आणि दुसरंच काही जास्त होतं. ती बाहेर जाऊन आली होती, मी गेले नव्हते. तिचे पेपर छापून यायचे, मी स्क्रूगेजच्या वह्या तपासायचे. तिचं एक तरी म्हणणं चुकीचं निघावं, असं मला आतून वाटत होतं. हे मी तिला कधी सांगितलं नाही. तिला कळलं असेल का... कळलंच असेल. तरीही तिनं मला काढलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर तिला खोकला लागला. धूळ असेल, थंडी असेल, असं करत करत महिना गेला आणि मग फिल्म निघाली. ती तिनं खिडकीशी धरली, बराच वेळ पाहिली. "शुभे, यातलं मले काही समजत नाही," ती म्हणाली, "पण डॉक्टरचं तोंड समजते." तिथून पुढे नवा रायपूर नावाच्या नव्या वसवलेल्या शहरातलं हॉस्पिटल. कॉलेज सुटलं की मी स्कूटर काढायचे. ते रुंद रुंद रस्ते, बस क्वचित, मोटारी भुर्रकन जाणाऱ्या, पायी माणूस नावाला नाही. मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं रडत जायचे. हॉस्पिटलच्या गेटशी आलं की तोंड पुसायचं, वर जाऊन तिच्यावर ओरडायचं, जेवली काहून नाहीस म्हणून.

त्याच सुमारास मांढर-सिलयारीचं एक नवं चित्र मोकळं झालं. दुसऱ्याच कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी टिपलेलं, पण आधीच्या सगळ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ कॅमेरा उघडा ठेवून. वैशालीनं ते पलंगावर बसून उतरवून घेतलं आणि मला म्हणाली, "याच्यात नसन तर नाहीच, मी मानते. पण लवकर कर." लवकर काहून, हे मी विचारलं नाही. औषधाच्या दोन फेऱ्यांच्या मधे जे बरे दिवस मिळायचे, त्यांत तिनं नऊ तुकडे कापले. हाताला सुई, बोटं सुजलेली, एका तुकड्याला एकेक दिवस. नर्स म्हणायची, "दीदी, मोबाइल-लैपटॉप रखिए, आराम कीजिए." ही म्हणायची, "बस हो गया." लिफाफा काकांच्या खिशात गेला.

रिकामी जागा मी नेहमीप्रमाणे त्याच चित्रातून घेतली, वरच्या बाजूची, दोन्ही समूहांपासून पुरेशी लांब वाटणारी. हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर बसून नऊ तुकडे मोजले. सात शून्य निघाले, म्हणजे शून्याच्या इतके जवळ की शून्यच म्हणायचं. आणि दोन शून्याच्या चांगलेच खाली. आता उजेड शून्याच्या खाली जात नाही, हे शाळेतल्या पोरीलाही सांगावं लागत नाही. मी त्या दोन आकड्यांकडे पाहिलं. मी ते पाहिले, हे मला कबूल केलं पाहिजे. मग मनाशी म्हणाले, कडेचे तुकडे असतील, कॅमेऱ्याच्या कडेला गडबड असतेच. वहीत त्यांच्यापुढे 'कड' असं लिहिलं आणि सही ठोकली. काकांनी लिफाफा उघडला. ते दोन खरोखरच कडेचे निघाले, त्यामुळे माझा समज आणखी घट्ट झाला. मांढर-सिलयारीच्या मधला तुकडा त्या सात शून्यांमधला एक होता. आणि मला बरं वाटलं. माझी मैत्रीण वरच्या मजल्यावर श्वासासाठी धडपडत होती आणि मी बरोबर निघाले म्हणून मला, क्षणभर का होईना, बरं वाटलं.

वर गेले. ती उशीला टेकून दाराकडेच पाहत होती. "शून्य," मी म्हणाले. "पक्कं?" "पक्कं." मी विचारलं, "वही आणू का?" तिनं मान हलवली. "तू पाहिलं ना... मंग मी काहून पाहू." थोड्या वेळानं म्हणाली, "रिकामं आहे तं रिकामं आहे." मग तिनं लॅपटॉप बंद करून काकांकडे दिला, घरी ठेवा म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं मला एक छोटी टिपणी सांगितली, मी लिहून घेतली: या दोन समूहांच्या मधे आम्हाला तापलेला वायू सापडला नाही. "नाही सापडलं, हेबी लिहाव लागते," ती म्हणाली. त्यानंतर ती पाच आठवडे जगली, आणि त्या पाच आठवड्यांत मांढर-सिलयारीचं नाव तिनं एकदाही काढलं नाही. नर्सच्या मुलीची परीक्षा विचारायची, काकांच्या बीपीची गोळी विचारायची. डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत पडायची. मला वाटायचं, औषधामुळे असेल.

विहाराच्या हॉलमध्ये वंदना झाली, मग दोन-तीन जण बोलले, मग मला उभं केलं. मी म्हणाले, वैशालीचं सगळ्यांत मोठेपण हे की ज्या गोष्टीवर तिनं सात वर्षं विश्वास ठेवला ती तिथे नाही असं कळल्यावर तिनं ते एका शब्दात मान्य केलं. खरी वैज्ञानिक अशी असते. लोकांनी माना डोलावल्या. तिची मावसबहीण रडायला लागली. पुढच्या रांगेत काका आपल्या गुडघ्यांकडे पाहत बसले होते. खाली उतरल्यावर दोघातिघांनी मला सांगितलं, मॅडम, छान बोललात. मलाही तसंच वाटलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. पुन्हा तेच प्रॅक्टिकल, तेच स्क्रूगेज. एका मुलीनं तारेची जाडी काढून आणली आणि एक रीडिंग शून्याच्या खाली. मी नेहमीसारखी तिच्यावर घसरले. "जाडी कधी माइनस में आती है क्या? मोजण्याआधी झिरो एरर पाहिला का? जिथं शून्य समजून सुरू केलं, तिथं शून्य होतंच कशावरून..." आणि माझं तोंड उघडंच राहिलं. वीस वर्षं हे वाक्य मी दर वर्षी म्हणते. ती मुलगी म्हणाली, "मॅम, क्या हुआ?" मी तिला वही परत दिली, बरोबर आहे म्हणाले, काय बरोबर होतं देव जाणे, आणि तशीच स्टाफरूममध्ये जाऊन बसले. शून्याच्या खालचे ते दोन आकडे. ते तुकडे बिघडलेले नव्हते. माझी रिकामी जागा रिकामी नव्हती, म्हणून मी सगळीकडून जरुरीपेक्षा जास्त वजा केलं होतं.

घरी येऊन पुन्हा मोजलं. या वेळी रिकामी जागा त्या चित्रातून घेतलीच नाही. त्याच दुर्बिणीनं आकाशाच्या दुसऱ्याच बाजूला टिपलेली, जवळपास एकही समूह नसलेली घेतली. कडेचे दोन तुकडे शून्यावर आले. बाकीचे सातही वर उचलले गेले, आणि मधला, केसभर का होईना, सगळ्यांत वर. म्हणजे वायू होता, वैशालीला वाटलं होतं त्याहूनही कितीतरी जास्त रुंद पसरलेला. मी निवडलेली जागाही त्याच्याच आत होती. मी वायूमधून वायू वजा केला होता आणि शून्य आलं म्हणून खूश झाले होते. मी खुर्चीवर बसून राहिले. आनंद व्हायला हवा होता, नाही का? ज्या माणसाला सांगायचं तो माणूस नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे या आकड्यावर माझाच विश्वास बसेना. कारण आता मला वायू हवा होता. कुठला तुकडा मधला हे मला पाठ झालेलं. तिच्या नियमानं पाहिलं तर मी मोजायलाच नालायक होते.

दोन दिवस मी काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी शंकर नगरला गेले. काकांनी दार उघडलं, मी चप्पल काढायच्या आधीच सांगायला सुरुवात केली आणि सगळं सांगितलं; ते दोन आकडे, 'कड' लिहिलं ते, बरं वाटलं तेही. ते उभे राहूनच ऐकत होते. पंखा, मग भिंत, मग मी, असं त्यांचं पाहणं चाललेलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे ते होतं का तिथं? हो का नाही, येवढं सांग." मी म्हणाले, "मले माहीत नाही, काका. मी एकटीनं पाहिलं." त्यांनी मान हलवली. "एकटीनं पाहिलं तं काय पाहिलं. काय कराव लागते ते सांग मले."

तुकडे नव्यानं कापायचे होते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत काकांनी कॉम्प्युटर हाताळला होता; मी त्यांना एकदा करून दाखवलं, त्यांनी तीनदा करून पाहिलं, आणि मग मला बाल्कनीत जायला सांगून दार लावून घेतलं. मागच्या खोलीत, तिच्या खुर्चीवर, तिच्या लॅपटॉपवर, नव्या मापाचे, नव्या जागांचे, नऊ तुकडे. दीड तास लागला. खाली भाजीवाला येऊन गेला, समोरच्या दुकानाचं शटर पडलं. मी कठड्याला धरून उभी होते आणि मनात एकच, असू दे, असू दे, आणि लगेच स्वतःला शिव्या, कारण असं म्हणायचं नसतं. दार उघडलं. काकांच्या हातात घडी केलेला कागद होता, तो त्यांनी शर्टाच्या खिशात घातला आणि वर हात ठेवला. मी बसले. मोजलं. आकाशाच्या दुसऱ्या बाजूची तीच रिकामी जागा वजा केली, प्रत्येक आकड्यापुढे काहीही न लिहिता सही केली, खाली तारीख आणि वेळ टाकली, कारण ते पाहत होते.

त्यांनी कागद उघडला आणि एकेक अक्षर वाचायला लागले. वहीत सगळ्यांत वर आलेला तुकडा 'ठ' होता. 'ठ'ला आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मधला," ते म्हणाले. कूलर बंद होता, खोलीत फार उकडत होतं.

"तिनं तुले विचारलं होतं ना, पक्कं का म्हणून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अन् तू पक्कं म्हणली."

"हो, काका."

"मंग तिची काही चूक नाही झाली," ते म्हणाले. "पुढच्या स्टेशननं सांगतलं तं मीबी तेच मानलं असतं." एवढं बोलताना त्यांचा आवाज पहिल्यांदा फुटला. इतके दिवस हा माणूस आपली पोरगी चुकीच्या गोष्टीमागे आयुष्य घालवून गेली असं समजत होता, आणि ते सगळ्यांसमोर, माइकवर, मीच सांगितलं होतं. मी म्हणाले, "काका, मले शिव्या द्या." ते म्हणाले, "शिव्या देऊन काय होते." मग मी, या नव्या आकड्यांच्या पेपरवरून माझं नाव काढते म्हणाले, तर तेही त्यांना चाललं नाही. "नाव ठेव. रिकामी जागा कोणी निवडली, तेबी लिव्ह त्यात. अन् हॉलमधी जे बोलली ते लोकायले माहीत आहे, हे नाही माहीत. तेवढ्या लोकायले सांगाव लागते तुले."

पेपर गेला आहे. पहिलं नाव तिचं. आता जगातले दुसरे लोक तपासतील, खोडतील, भांडतील. ते व्हायलाच पाहिजे, आणि उद्या कुणी दाखवून दिलं की आम्ही अजून कुठेतरी चुकलो, तर तेही मी इथेच येऊन लिहीन. मला समजतं की खरा आकडा कळला असता म्हणून वैशाली जगली नसती. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं. पण पाच आठवडे होते. छताकडे पाहत पडलेले ते पाच आठवडे ती लॅपटॉप मांडीवर घेऊन, नर्सशी भांडत, मला शिव्या घालत काढू शकली असती, आणि ते माझ्या हातात होतं. तेव्हा काकांनी सांगितलं तसं लिहिते. त्या दोन समूहांच्या मधे वैशालीला जे दिसत होतं ते, आम्ही दोघांनी मिळून पाहिलं तेवढ्यावरून, तिथे आहे. ते नाही असं तिला मी सांगितलं. तिनं एकदा विचारलं, पक्कं का. मी पक्कं म्हणाले, आणि ती तेच ऐकून गेली.